ड्रमच्या मागचं स्टूल

सिएटलच्या उत्तरेला, शहराची हद्द संपते तिथून थोडं पुढं, शोरलाइन नावाचं गाव आहे. तिथल्या उतारावर रॉबर्ट लँग नावाच्या माणसानं आपल्या घराखालची टेकडी वर्षानुवर्षं खोदून तिच्या पोटात स्टुडिओ बांधलाय. आज १७ ऑक्टोबर १९९४, सोमवार. तुम्ही दारातून आत जाता. कोणी अडवत नाही, कारण तुम्ही कोणाला दिसतच नाही. या प्रवासात तुम्हाला एवढी एकच सवलत आहे. ऐकू मात्र सगळं येतं.

दगडी भिंतींच्या खोलीत ड्रमसेट मांडलाय आणि त्याच्या मागं लांब केसांचा पंचविशीचा एक मुलगा बसलाय. डेव्ह ग्रोल. तो वाजवायला लागतो आणि तुम्ही गोंधळता. यात गाणं कुठंय? गिटार नाही, बास नाही, गायक नाही. नुसते ड्रम. पण नीट ऐकलंत तर कळतं, की हा माणूस सबंध गाणं मनात म्हणतोय. कुठं अंतरा संपतो, कुठं कोरस उसळतो, कुठं क्षणभर थांबायचं, हे सगळं त्याच्या हातांना ठाऊक आहे. शेवटचा ठोका पडतो, तो काठ्या टाकतो आणि धावतच दुसऱ्या खोलीत जाऊन गिटार गळ्यात अडकवतो. काचेपलीकडे त्याचा जुना मित्र बॅरेट जोन्स टेप मागं घेतो. गिटार झाली की बास, बास झाला की पुढच्या गाण्याचे ड्रम. गाण्याची वेळ आली की हा उसळता माणूस एकदम बुजतो. स्वतःच्या आवाजावर त्याचा विश्वास नाही. म्हणून एकदा गायलेल्या ओळीवर तो तीच ओळ पुन्हा गाऊन चढवतो, दोन आवाजांच्या आड एक आवाज लपावा म्हणून.

सहा दिवस हेच चालतं. एका गाण्यातली एक गिटार तेवढी परक्या हातची आहे. अफगाण व्हिग्स या बँडचा ग्रेग डली सहज डोकावायला आला होता, ग्रोलनं गिटार त्याच्या हातात दिली. बाकी सगळं एकट्याचं.

तो इतक्या घाईत का आहे, हे कळण्यासाठी सहा महिने मागं जायला हवं. ५ एप्रिल १९९४ला निर्वाणाच्या कर्ट कोबेननं सिएटलमधल्या घरी आयुष्य संपवलं. निर्वाणा म्हणजे सिएटलच्या ग्रंज या रॉकशैलीला जगभर पोचवणारा बँड, आणि ग्रोल त्याचा ड्रमर. त्या वर्षीच्या जानेवारीच्या शेवटी निर्वाणानं आपलं शेवटचं स्टुडिओ-रेकॉर्डिंग केलं, तेही याच टेकडीच्या पोटात. तीन दिवसांतल्या अगदी शेवटच्या दिवशी कोबेन आला. तोवर ग्रोल आणि बास वाजवणारा क्रिस्ट नोव्होसेलिक त्याची वाट बघत आपापल्या गाण्यांशी झटापट करत बसले होते. आता ऑक्टोबरात वाट बघायला कोणी उरलेलं नाही. वर्षानुवर्षं घरी गुपचूप टेप करून ठेवलेली, कोबेनसारख्या गीतकाराच्या शेजारी राहून कोणाला ऐकवायचा धीर न झालेली गाणी ग्रोल बाहेर काढतोय. तुम्ही ज्याला घाई समजता ती मला जगण्याची धडपड वाटते. ड्रम वाजवणं हेच ज्याचं आयुष्य होतं, त्याला एप्रिलनंतर रेडिओवरचं संगीतही ऐकवत नव्हतं.

टेपच्या शंभर कॅसेट निघतात. वर ग्रोलचं नाव नाही. ‘फू फायटर्स’ एवढंच. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना रात्रीच्या आकाशात जे अनोळखी दिवे दिसायचे, त्यांना ते हे नाव द्यायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, की चारपाच जणांचा कुठला तरी नवा बँड आहे.

पण त्या कॅसेटवर एकच माणूस आहे, आणि तो ड्रमर आहे. हे आत्ताच लक्षात ठेवा. पुढची तीस वर्षं तुम्ही माझ्याबरोबर जिथं जिथं जाल, तिथं ड्रमच्या मागच्या स्टुलावर कोण बसलंय ते आधी बघा. या बँडमध्ये गिटारवाले आले, गेले, एक जण तर जाऊन परत आला. पण या बँडचं खरं दुःख आणि खरा आनंद त्या स्टुलाभोवतीच घडलाय.

नोव्हेंबरात ग्रोल रॉक गायक टॉम पेटीच्या बँडबरोबर अमेरिकेच्या टीव्हीवर एका रात्रीपुरता ड्रम वाजवतो. पेटी त्याला कायमचं बोलावतो. प्रतिष्ठेची, सुरक्षित जागा होती ती. ग्रोल नाही म्हणतो. त्याला आता स्टेजच्या पुढच्या बाजूला, माइकसमोर उभं राहायचंय. म्हणजे मागं दुसरं कोणी तरी हवं.

ते सिएटलमध्येच सापडतात. सनी डे रिअल इस्टेट हा बँड त्याच सुमाराला मोडायला आलेला असतो. त्याचे दोन आधारखांब, बास वाजवणारा नेट मेंडेल आणि ड्रमर विल्यम गोल्डस्मिथ, ग्रोलकडे येतात. गिटारला पॅट स्मीअर. लॉस एंजेलिसच्या जर्म्स या पंक बँडचा हा माणूस निर्वाणाच्या शेवटच्या काळात त्यांच्याबरोबर स्टेजवर असायचा. ग्रोलहून दहा वर्षांनी मोठा, आणि कसल्याही ताणात हसू न मावळणारा.

ऑगस्ट १९९५. इंग्लंडमधला रेडिंगचा महोत्सव. आयोजकांनी फू फायटर्सना मुख्य स्टेजऐवजी तंबूत ठेवलंय आणि तंबूत मावतील त्याहून कितीतरी जास्त लोक आत घुसलेत. तुमच्या बरगड्या समोरच्याच्या पाठीला टेकल्यात. शेजारचा मुलगा तंबूच्या खांबावर चढतोय, त्याच्या मागून दुसरा. बहुतेक जण कोबेनचा शोक करायला आलेत, आणि त्यांना मिळतंय हे सुरेल, दणकट, हसरं संगीत. ग्रंजच्या मागून आलेल्या, त्याच्याच जाड गिटारींवर सरळ गुणगुणता येतील अशा चाली बसवणाऱ्या बँडना समीक्षक तेव्हा पोस्ट-ग्रंज म्हणू लागले होते आणि त्यांच्या बोलण्यात जरा नाक मुरडणंही असायचं. तंबूत मात्र कोणाला त्याचं काही पडलेलं नाही. तुम्ही मान उंचावून मागं बघा. गोल्डस्मिथ जीव तोडून वाजवतोय. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या रॉक ड्रमरांपैकी एक जण त्याच्याकडे पाठ करून गातोय, आणि ती गाणी त्या ड्रमरनं स्वतःच्या हातानं वाजवून ठेवलेली आहेत. या मुलाच्या जागी बसणं किती अवघड असेल, याचा विचार तेव्हा फार कमी जणांनी केला. तुम्ही तरी करा.

सव्वा वर्षांनी, १९९६च्या थंडीत, आपण सिएटलजवळच्या वुडिनव्हिलला जाऊ. बेअर क्रीक नावाचा, धान्याच्या कोठारातून तयार केलेला स्टुडिओ. दुसरा अल्बम चाललाय, म्हणजे चौघांचा खरा पहिला अल्बम. निर्माता गिल नॉर्टन. पिक्सीजसारख्या बँडच्या ध्वनिमुद्रिका ज्यानं घडवल्या तो हा काटेकोर इंग्रज गाण्याचा सांधान्‌सांधा तपासतो. गोल्डस्मिथ टेक देतो. परत. परत. अजून एकदा. चौथ्या-पाचव्या वेळी खांदे आखडतात, आणि आखडलेले खांदे ड्रममध्ये ऐकू येतात. मग पुन्हा टेक. तुम्ही काचेपलीकडून बघताय आणि तुमच्या लक्षात येतंय, की हा माणूस आता गाणं वाजवत नाहीये, चूक टाळतोय.

नाताळची सुट्टी होते. ग्रोलचं लग्न मोडत आलेलं आहे. वॉशिंग्टन डी.सी.जवळ, जिथं तो लहानाचा मोठा झाला त्या भागात, तो मित्राच्या घरी जमिनीवर झोपतो. आणि तिथं त्याला एक गाणं सुचतं, ‘एव्हरलाँग’. गिटारची सर्वांत जाड तार एक सूर खाली उतरवून, बोटं साध्या जागी ठेवून, हात सारखा वरखाली फिरवत वाजवायचं. गावातल्याच छोट्या स्टुडिओत तो ते एकटाच रेकॉर्ड करून बघतो. शोरलाइनसारखंच, सगळी वाद्यं आपलीच.

इथून गोष्ट बिघडते, किंवा घडते. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी मान्य करायची माझी तयारी आहे. १९९७च्या सुरुवातीला बँड हॉलिवूडमधल्या ग्रँडमास्टर स्टुडिओत जमतो, पण गोल्डस्मिथशिवाय. ग्रोल एक ड्रम ट्रॅक नव्यानं वाजवतो. मग दुसरा. मग जवळजवळ सगळेच. तुम्ही त्या खोलीत उभे राहा, कारण ‘एव्हरलाँग’चे ड्रम तिथं वाजतायत. हाय-हॅटच्या जोडझांजांवर सलग बारीक ठोके पडत राहतात, एक श्वासही न घेता, आणि स्नेअर ड्रमवरचा ठोका मधूनच चकवत येतो. वरची गिटार पळतेय असं वाटतं, पण पळवणारा मागं बसलाय. ज्यानं ते सुचून लिहिलं त्याच्याच अंगात ते असं चढू शकतं. अल्बम म्हणून ‘द कलर अँड द शेप’ जसा आहे तसा या ड्रममुळे आहे, हे मी नाकारणार नाही.

पण सिएटलमध्ये एका माणसाला अजून काही माहीत नाही. आपले ट्रॅक पुसले जातायत हे गोल्डस्मिथला ग्रोलकडून नाही, मेंडेलकडून कळतं. ग्रोलला तो दौऱ्यांसाठी बँडमध्ये हवा असतो. गोल्डस्मिथ निघून जातो. ज्या गाण्यांवर कोणाचे तरी महिने खर्ची पडले, ती गाणी त्याच्याशिवाय दुकानात जावीत आणि त्यानं ती त्याच जोमानं लोकांसमोर वाजवत राहावीत, ही अपेक्षाच चुकीची होती. संगीताचा निर्णय बरोबर असू शकतो. तो तोंडावर सांगायला हवा होता. २०११ साली बँडवर निघालेल्या ‘बॅक अँड फोर्थ’ या माहितीपटात गोल्डस्मिथ कॅमेऱ्यासमोर बसून याबद्दल बोलतो. इतक्या वर्षांनंतरही त्याच्या चेहऱ्यावरची जखम ओली आहे. तो माहितीपट बँडनं स्वतःच्या नावानं बाहेर येऊ दिला आणि ते बोलणं त्यात राहू दिलं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

रिकामं स्टूल. ग्रोल टेलर हॉकिन्सला फोन करतो, तोही सल्ला विचारायला, कोणी बरा ड्रमर ओळखीचा आहे का म्हणून. हॉकिन्स तेव्हा गायिका अ‍ॅलनिस मॉरिसेटच्या दौऱ्यावरच्या बँडमध्ये आहे आणि त्या काळात अ‍ॅलनिससमोर फू फायटर्स म्हणजे अगदीच छोटं प्रकरण. हॉकिन्स म्हणतो, मीच येतो. कॅलिफोर्नियाच्या लगुना बीचवर वाढलेला, समुद्राच्या उन्हानं पिवळे पडलेले केस, तोंडभर दात दाखवून हसणारा, क्वीन बँडच्या रॉजर टेलर आणि द पोलीस बँडच्या स्टुअर्ट कोपलंड या ड्रमरांचा भक्त. त्याला पहिल्याच दिवसापासून त्या अल्बमची गाणी वाजवायची आहेत ज्यात तो नाही, जे ड्रम त्याच्यासमोर गाणाऱ्या माणसाचे आहेत, आणि ज्यांच्या पोटात एका तिसऱ्याचे पुसलेले ट्रॅक आहेत.

मराठी नाटकवाल्यांना हे चांगलं कळेल. गाजत्या नाटकात रिप्लेसमेंटला उभा राहिलेला नट पहिल्या प्रवेशापासून आधीच्याशी तोलला जातो. इथं तर मूळ भूमिका करणारा विंगेत नाही, त्याच रंगमंचावर दोन हातांच्या अंतरावर उभा आहे.

हॉकिन्सनं यातून वाट काढली ती नक्कल न करता. तो ग्रोलइतका जड हाताचा नव्हता, आणि तसं व्हायचा प्रयत्नही त्यानं सोडून दिला. त्याचा ठोका किंचित पुढं झुकतो, फिल, म्हणजे ओळींमधली जागा भरणारे ठोके, उडत येतात, झांजा जास्त वाजतात. आणि तो स्टुलावर बसूनही लोकांकडे बघून हसतो. ग्रोलच्या पाठीमागं पहिल्यांदाच कोणी तरी आनंदात होतं.

४ सप्टेंबर १९९७, न्यूयॉर्क. रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये एमटीव्हीचा पुरस्कार सोहळा आहे आणि फू फायटर्सना इमारतीच्या बाहेर, प्रवेशद्वाराच्या छतावर, रस्त्यावरच्या गर्दीसमोर उभं केलंय. तुम्ही खाली फुटपाथवर मान वर करून उभे आहात. पहिलं गाणं संपतं. पॅट स्मीअर माइकपाशी येतो आणि थेट प्रक्षेपणात सांगतो, की हे माझं शेवटचं गाणं होतं. शेजारी दुसरा गिटारवाला येऊन उभा राहतो, फ्रान्झ स्टाल. ग्रोल निर्वाणात येण्याआधी ज्या स्क्रीम नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा, तिथला त्याचा जुना सोबती. स्मीअर हसत बाजूला होतो आणि नव्या माणसासकट ‘एव्हरलाँग’ सुरू होतं. रॉकच्या इतिहासात बँड सोडण्याचे प्रकार बहुतेक कडवट असतात, वकिलांमार्फत नाहीतर वर्तमानपत्रांतून. दौऱ्यांनी थकलेल्या या माणसानं मात्र वारसाला हाताशी धरून उभं केलं आणि मग पायउतार झाला. मला तो फार आवडतो.

त्या काळात मेंडेलही एका दिवसापुरता बँड सोडतो. सनी डे रिअल इस्टेट पुन्हा जमतोय, तो ग्रोलला फोन करून जातो म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन करून येतो म्हणतो. तेव्हापासून आजवर बास त्याच्याचकडे आहे.

स्टालचं जमत नाही. मैत्री जुनी आहे, पण नवी गाणी लिहायला बसल्यावर चौघांची मोट बांधली जात नाही. त्याला फोनवरून काढलं जातं. माहितीपटात तोही आहे, आणि ग्रोलच्या जिवलगाला असं काढलं जाणं बघताना गोल्डस्मिथची आठवण येते.

मग १९९९चा वसंत, आणि या प्रवासातली माझी सर्वांत लाडकी जागा. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावात ग्रोलनं घर घेतलंय आणि तळघरात स्टुडिओ केलाय. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना फोम आणि झोपायच्या पिशव्या ठोकल्यात. कोणत्याही कंपनीचा माणूस आसपास नाही. बँडचे तीनच जण आहेत. ग्रोल, मेंडेल, हॉकिन्स. तुम्ही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसा. खाऊन-पिऊन, हसून-खिदळून झालं की दिवसातून केव्हा तरी एखादा टेक होतो. ग्रोल आणि हॉकिन्स ड्रम वाटून घेतात. या गाण्याला तू, त्या गाण्याला मी. गोल्डस्मिथला जे कधीच मिळालं नाही ते हॉकिन्सला इथं मिळतं. त्याला चुकायला मोकळीक मिळते. हा अल्बम, ‘देअर इज नथिंग लेफ्ट टू लूझ’, २००१ साली सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी घेऊन येतो. दौऱ्यासाठी गिटारवाला शोधताना चाचण्यांतून ख्रिस शिफ्लेट सापडतो आणि तो आजतागायत आहे.

सगळं छान चाललंय म्हणता म्हणता ऑगस्ट २००१मध्ये लंडनला हॉकिन्स अमली पदार्थांच्या अतिसेवनानं कोमात जातो. सुमारे दोन आठवडे. ग्रोल त्याच्या उशाशी बसून असतो. एक मित्र आधीच गमावलेल्या माणसाच्या मनात त्या खुर्चीवर काय काय येऊन गेलं असेल? हॉकिन्स उठतो. पण पुढचा अल्बम फसतो. लॉस एंजेलिसला पैसा आणि महिने ओतून केलेलं रेकॉर्डिंग कोणालाच आवडत नाही. ग्रोल ते तसंच ठेवून क्वीन्स ऑफ द स्टोन एज या दुसऱ्याच बँडमध्ये ड्रम वाजवायला जातो आणि तिथं खुलतो. हॉकिन्सला ते जिव्हारी लागतं. एप्रिल २००२, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं कोचेला. एकाच महोत्सवात ग्रोल दोन्ही बँडबरोबर वाजवणार आहे. त्याआधीच्या तालमीत फू फायटर्सचं कडाक्याचं भांडण होतं. इतकं, की कोचेलाचा कार्यक्रम शेवटचा ठरवावा. कार्यक्रम होतो, चांगला होतो, आणि ग्रोल व हॉकिन्स दोघंच व्हर्जिनियाच्या तळघरात परत जाऊन फसलेली गाणी थोड्याच दिवसांत नव्यानं वाजवून काढतात. आधी हे दोघं, बाकीचे नंतर. या बँडचा कणा कोणता, ते त्या दिवसांत ठरलं.

यानंतरच्या वर्षांवरून मी तुम्हाला भरभर नेतो. यश आलं की मोठाली मैदानं एकमेकांसारखी दिसू लागतात. २००६मध्ये स्मीअर दौऱ्यावर परततो आणि पुढं पुन्हा पक्का सदस्य होतो. जून २००८मध्ये वेम्बली स्टेडियमवर लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि जॉन पॉल जोन्स त्यांच्याबरोबर येऊन वाजवतात. एकदा मात्र थांबू. २०१०, लॉस एंजेलिसजवळच्या एन्सिनोत ग्रोलच्या घराचं गॅरेज. ‘वेस्टिंग लाइट’ हा अल्बम संगणकाशिवाय, फितीवर चाललाय. निर्माता बुच विग, ज्यानं निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ केला होता. फितीवर चूक सहज झाकता येत नाही, ठोका सहज मागंपुढं सरकवता येत नाही. एका गाण्यात नोव्होसेलिक बास आणि अ‍ॅकॉर्डियन वाजवून जातो. निर्वाणाचे हयात असलेले लोक गॅरेजमध्ये आहेत आणि ड्रमवर मात्र ग्रोल नाही. स्टुलावर हॉकिन्स आहे, सगळ्या अल्बमभर, आणि कोणाच्या मनातही येत नाही की दुसरं कोणी असावं.

२५ मार्च २०२२. बोगोटा, कोलंबिया. तुम्हाला मी हॉटेलकडे नेणार नाही. आपल्याला तिथं काही काम नाही. मैदानावर थांबा. महोत्सवाला आलेले हजारो लोक फू फायटर्सची वाट बघतायत आणि बातमी फोनवरून फोनवर पसरत येतेय. टेलर हॉकिन्स गेला. वय पन्नास. रिकाम्या स्टेजवर मेणबत्त्या लागतात. पाच दिवसांपूर्वी अर्जेंटिनात त्यानं शेवटचा कार्यक्रम वाजवला होता.

३ सप्टेंबर २०२२, वेम्बली. हॉकिन्ससाठी सहा तास चालणारा कार्यक्रम. पॉल मॅकार्टनी येतो, क्वीनचे ब्रायन मे आणि रॉजर टेलर येतात, कोपलंड येतो. ज्यांचे फोटो लहानपणी हॉकिन्सच्या मनात चिकटलेले होते, ते सगळे. ग्रोल एका गाण्यात थांबतो, त्याला गाता येत नाही, रडतो, आणि पुन्हा गातो. आणि स्टूल? ते कोणा एकाला देताच येत नाही. जॉश फ्रीज बसतो, ओमर हकीम बसतो, रॉजर टेलरचा मुलगा रूफस बसतो. नंदी बुशेल ही बारा वर्षांची मुलगी बसते आणि इतकी हसते, की स्टेडियमला दुःखाचा विसर पडतो.

मग सोळा वर्षांचा एक मुलगा येतो. शेन, हॉकिन्सचा मुलगा. गाणं ‘माय हीरो’. आता तुम्हीच आठवा, तुम्ही तिथं होतात. हे गाणं पहिल्या दौऱ्यांत गोल्डस्मिथ वाजवायचा. अल्बमवर ग्रोलनं स्वतः वाजवलं. मग पंचवीस वर्षं मैदानामागून मैदानात हॉकिन्सनं. आणि आता हा मुलगा पहिल्याच मापापासून असा तुटून पडतो, की पुढं उभा असलेला ग्रोल वळून वळून बघत राहतो. त्याच्या ठोक्यांत बापाची उडी आहे, खाली ग्रोलचं वजन आहे. ड्रमच्या भागावर कोणाचंही नाव कोरलेलं नसतं, पण ते एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना काही ना काही घेऊन जातं. इथं मी फार बोलणार नाही. ऐका.

पुढचा अल्बम, ‘बट हिअर वी आर’, २ जून २०२३ला येतो. हॉकिन्स गेला त्याच वर्षी ग्रोलची आईही गेली होती, आणि दोघांचा शोक त्यात आहे. त्यातले सगळे ड्रम ग्रोल स्वतः वाजवतो. १९९४मध्ये त्यानं शोकातून वाट काढली ती याच हातांनी. दौऱ्यावर जॉश फ्रीज येतो. अनेक बँडना ऐन अडचणीत सावरणारा, कोणतंही गाणं एका ऐकण्यात उचलणारा माणूस. तो चोख वाजवतो, दोन वर्षं. मे २०२५मध्ये त्याला सांगण्यात येतं, की बँडला आता वेगळी दिशा घ्यायचीय. कारण मिळालं नाही, असं त्यानं जाहीरपणे सांगितलं. गोल्डस्मिथपासून इतकी वर्षं लोटली, आणि याही वेळी मला वाटतं, की जाणाऱ्याला कारण मिळायला हवं होतं.

त्याच्या जागी नाइन इंच नेल्समधून इलान रुबिन येतो आणि फ्रीज तिकडे रुबिनच्या जागी जातो. १३ सप्टेंबर २०२५, कॅलिफोर्नियातलं सॅन लुईस ओबिस्पो. मैदान नव्हे, छोटं थिएटर. पहिला अल्बम आला तेव्हा सात वर्षांचाही नसलेला हा माणूस स्टुलावर बसलाय. ग्रोल, मेंडेल, शिफ्लेट, कीबोर्डवर रामी जॅफी. ‘एव्हरलाँग’चे ते न थांबणारे ठोके आता त्याला सांभाळायचेत.

तुम्हाला इथं थांबायचं असेल तर थांबा. मला अजून एक ठिकाण दाखवायचंय, आणि त्यासाठी तीन वर्षं मागं यावं लागेल. २०२२च्या शरद ऋतूत, वेम्बलीच्या कार्यक्रमानंतर थोड्याच काळात, सनी डे रिअल इस्टेट हा बँड पुन्हा अमेरिकेत फिरतोय. मेंडेल त्यात नाही. माइकसमोर जेरेमी एनिक, गिटारवर डॅन हर्नर, आणि मागं विल्यम गोल्डस्मिथ. ते ‘डायरी’ या आपल्या पहिल्या अल्बममधली गाणी वाजवतायत. हा अल्बम मे १९९४मध्ये आला, कोबेन गेल्यावर महिन्याभरानं, त्याच सिएटलच्या सब पॉप कंपनीकडून. त्यातले ड्रम कोणी पुसले नाहीत. थांबत, झेपावत, गाण्याच्या मध्येच अंग काढून घेत आणि मग सगळ्या वजनानिशी परत येत गोल्डस्मिथ ते वाजवतोय, आणि पुढच्या रांगेतली ती गाणी आली तेव्हा जन्मालाही न आलेली मुलं त्याच्या एकेक फिलसकट ती म्हणतायत. तुम्ही आत शिरा, ड्रमच्या बाजूला जागा धरा. तिथून त्याचे हात नीट दिसतात.